डागाखालची बाग

वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन
ऑक्टोबरात एका रात्री वाहून गेलं
आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर, बरोब्बर मधोमध,
छताला डाग पडला.
कडेनं तपकिरी, मध्ये चहात बुडवलेल्या पावासारखा.
किप्रास खाली आला, पायात ओले मोजे,
हातात पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा.
एक हात दिला, वाळला, डाग परत वर आला.
दुसरा दिला. परत आला.
काऊनासच्या ह्या पाचमजली ठोकळ्यांत
पाण्याची आठवण चुन्याहून चिवट.

शनिवारी बाजारातून मी
राय धान्याच्या काडाची पेंढी आणली.
विकणारीनं विचारलं, घोड्यासाठी का?
म्हटलं, छतासाठी.
ती हसली आणि आणखी दोन पेंढ्या दिल्या,
म्हणाली, पहिल्या पेंढीचा चुराच होतो.

झालाच.
पेर टाळून कापायचं, पेरातून सुई जात नाही.
कोमट पाण्यात तासभर भिजवायचं,
नाहीतर काडी उभी चिरते, आवाजसुद्धा न करता.
दिवसभर दुकानात मी
लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू पिळते,
तरी ह्या काड्यांपुढे बोटं गवारासारखी झाली.
बारा काड्या, सहा टोकं, आठ बाजू:
की एक घर होतं. आत कुणी नाही.
त्याच्या टोकाला दुसरं, त्याहून लहान.
त्याला तिसरं.
आमच्याकडे ह्याला बागच म्हणतात.
पान नाही, फूल नाही,
नुसत्या कडा, आणि मधली हवा.

डागाच्या ऐन पोटात आकडा ठोकला
आणि नाताळच्या आधी बाग टांगली.

ती कशानंही हलायची.
सूपच्या वाफेनं. दार उघडलं की.
मी फोनवर बहिणीशी भांडले की जरा जास्त.
आणि किप्रास वर चालला की
खालची छोटी घरं एकेक करून फिरायची,
आधी खिडकीकडचं, मग माझ्या डोक्यावरचं.
मला कळायचं: आता किटली ठेवली,
आता खुर्ची ओढली, आता झोपायला निघाला.
जिन्यात एकदा सहज सांगितलं,
तू चाललास की माझी बाग हलते.
तो म्हणाला, अरेरे.
मी पिशव्या सांभाळत होते, त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

फेब्रुवारीत तीन संध्याकाळी बाग निश्चल.
पहिल्या दिवशी वाटलं, गावाला गेला असेल.
दुसऱ्या दिवशी बर्फावर त्याची गाडी तशीच, झाकलेली.
तिसऱ्या दिवशी चमचा तसाच टाकून मी जिना चढले,
सत्तरीचा माणूस, एकटा, नाही नाही ते मनात.

दार त्यानंच उघडलं.
पायात लोकरी मोज्यांचे दोन जोड, एकावर एक.
मागे सगळ्या जमिनीवर सतरंज्या,
सतरंज्या संपल्या तिथे पुठ्ठे,
पुठ्ठे संपले तिथे जुना ओव्हरकोट, बाह्या पसरलेला.
खुर्च्यांच्या सोळाही पायांना
राखाडी फेल्टचे छोटे बूट.
"टोपी कापली," तो कुजबुजला.
"बोटांवर चालतो आता. काड्या नाजूक ना तुझ्या."

मी गुडघ्यावर बसून एक बूट पाहिला.
टाके मोठे होते, पण सरळ.
कडेला दोरा आत वळवून दडवलेला,
तो मला अजून जमत नाही.

काय बोलावं सुचेना.
किप्रास, म्हटलं, बूट घाल.
कुठे जायचंय, त्यानं विचारलं.
कुठेच नाही. स्वयंपाकघरात जा, परत ये,
आणि तो कोट उचल, थंडीत घालशील काय?

खाली आले तेव्हा सूपवर साय धरली होती.
डाग अजून तिथेच आहे,
टेबलाला वळसा घालून पाहिलं की
काड्यांमधून डोकावतो.
बसले. वर मान करून वाट पाहिली,
बराच वेळ;
बूट सापडत नसणार त्याला.
मग खिडकीकडचं घर
जरासं वळलं.