एसीचं पाणी

रुवीत, चौथ्या मजल्यावर,
एसीची नळी रात्रभर ठिबकते
रंगाच्या रिकाम्या डब्यात.
किती वर्षं ते पाणी मी
सकाळी उठून ओतून देत होतो.

तेव्हा मी रियालचा भाव बघायचो
आणि कपाटाच्या दाराआड पेन्सिलीने
परत जायचं साल लिहायचो.
खोडायचो.
पुन्हा लिहायचो.

मग जयवंत तांडेल सुट्टीवरून आला,
मोज्यात गुंडाळलेला अळूचा कांदा घेऊन.
"मोरीच्या पाण्यावर वाढतं हे,
याला काय लागतंय!"

आता पाच पानं आहेत.
भट्टीचं दार उघडावं तसा वारा सुटला
की जुन्या लुंगीची सावली धरतो.
कोवळ्या देठाला टेकू म्हणून
ती पेन्सिल खोचलीय.
पानावर थेंब ठरत नाही,
पाऱ्यासारखा पळतो,
आणि मी चहा पार निवेपर्यंत
नुसता बघत.

शुक्रवारी तीन पानं कापली.
फदफदं केलं, शेंगदाणे घालून.
चिंच कमी पडली.
जयवंत दोनदा भात घेऊन जेवला.
समोरच्या बिंदूचेचीने वाटीभर नेलं,
वाटी धुऊन परत दिली.

घसा जरा खाजत होता
सगळ्यांचाच.
कुणी काही बोललं नाही.