दुसरो कोण इलो?

निवतीच्या बंदरात, शर्यतीआधी,
जयवंत तारी माझं शीड चाचपतो.
"बरा शिवलंस हां. परकराचो घेर बरोबर साधलो."
मी म्हणतो, "तुझ्या सुकाणूक तोड नाय, तारी.
डोळे मिटलंस तरी खडप गावता."

सोळा वर्षं असंच.
ढाल त्याच्या घरी, कौतुक माझ्या वाट्याला:
"तुझी होडी काय देखणी दिसता रे!
दरवर्षी मागे वळान बघतंय."

यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन.
मी पहिला.
सरपंचांनी नारळ दिला, पोरांनी शिट्ट्या मारल्या,
तरी सगळं कसं बिनमिठाच्या पेजेसारखं.

संध्याकाळी ढाल घेऊन त्याच्याकडे गेलो.
त्यानं उलटीसुलटी केली, नखानं वाजवली.
"पितळ बरा हा. दुसरो कोण इलो?"
"खवणेकराचो बाबलो."
"तो? मगे बरोबर."

चहा झाला. उंबऱ्याशी आलो, तर मागून:
"वळणार दोरी उशिरा ओढलंस.
दोन होडयांचा अंतर घालवलंस फुकट."

याला कुणी सांगितलं?

खिडकीत दुर्बीण होती.
घाईघाईत तिच्यावर पंचा टाकलेला,
एक डोळा बाहेरच.