एक्याण्णव

वडील बंदुका दुरुस्त करायचे, लष्करात,
दौलतगंजच्या एका बोळात.
दुकानाला पाटी नव्हती. तेलाचा वास हीच पाटी.

गिऱ्हाईक आलं की नळीची लांबी, नक्षी, विलायती छाप,
यातलं काही बोलूच द्यायचे नाहीत.
डोळे मिटा. खांद्याला लावा. आता उघडा.
नळीची सगळी पाठ दिसली तर दस्ता उंच,
टोकाची माशी दिसेनाशी झाली तर दस्ता बुटका.
आणि दोन्ही डोळ्यांना पाण्यातलं जेवणच दिसत असेल
तर म्हणायचे, अजून महिनाभर थांबा.

उदाजीराव जगदाळे थांबणारे नव्हते.
मार्गशीर्षात आले, बत्तीस इंची दुनाली घेऊन.
तिघऱ्याला पक्षी लांबून उठतात, म्हणाले.
वडील म्हणाले, लांब नळीनं हात लांब होत नाही, सरकार.
मग जरा थांबून,
बरं. कागद सांगेल काय ते.

आधी एक काडतूस उकलून थाळीत ओतलं.
चार नंबरचे छर्रे, मी मोजले, एकशे एक्याऐंशी.
मग टेकडीमागची दगडखाण,
मोडक्या खाटेच्या चौकटीवर
कणकेच्या खळीनं चिकटवलेला खाकी कागद,
आणि वडिलांची चाळीस पावलं, बरोबर चाळीस गज.

आवाज झाला की मी पळायची.
पंधरा इंचांची सुतळी, टोकाला कोळसा,
जिथं भोकं दाट तिथं मधोमध अंगठा रोवून
एक गोल काढायचा.
शंभरातले सत्तर छर्रे आत, तर चोक पुरा.
साठ, तर अर्धा.
पन्नास, तर नळीचं तोंड पुन्हा कानशीवर.

त्या सकाळी धुकं इतकं होतं
की वडील म्हणजे नुसता खोकला होता.
बोटं बधिर. परतताना गजक घेऊ, असं कबूल झालेलं.
मोजले. एक्याण्णव.
धुक्यातून विचारलं, रेवू, किती?
एक्याण्णव म्हणजे दुसरा कागद, दुसरी खळ,
पुन्हा चाळीस जाणं, चाळीस येणं.
मी म्हटलं, एकशे एकवीस.

तीस छर्रे मी तोंडानं मारले.

पंधरा दिवसांनी उदाजीराव आले, बसले नाहीत.
नऊ लागले, सोपानराव, हाती आले दोन.
बाकीचे पाय लोंबत लोंबत पाणगवतात गेले.
कुत्र्यालाही नाही सापडले.

वडिलांनी खिळ्यावरची गुंडाळी काढली,
दिवा जवळ घेतला,
एकेका भोकाला पेन्सिलीची टिंब.
मी भात्याच्या मागून त्यांचे ओठ बघत होते.
एक्याण्णवला ते मिटले.
मग त्यांनी कागद उलटा केला
आणि पाठीमागूनही पाहिला,
जणू उरलेले तिकडे असतील.

पैसे परत दिले. मला काही बोलले नाहीत.
गजक त्याही संध्याकाळी आणली होती.

पुढं कायदा आला, शिकार मिटली.
दुकानात शिवणयंत्रं आली, कुलुपं आली.
वडील किल्ली घासूनसुद्धा उजेडाला धरून बघत.

आता दर हिवाळ्यात तिघऱ्याच्या काठावर
पाहणीवाली पोरं मला सोबत नेतात.
सींकपर, थापट्या, चक्रवाक,
पिवळ्या चोचीवर लाल ठिपक्यांची हळदी-कुंकू बदकं.
अंशुल वही घेऊन विचारतो,
मावशी, अंदाजे सव्वाशे लिहू?
नको, म्हणते. थांब.
एखादा पाय लोंबतोय का, तेवढं आधी बघून घेते.
कायद्याला पन्नास वर्षं झाली. तरी बघते.

परवा अठ्ठ्याऐंशीपर्यंत आले होते,
पलीकडून कुणीतरी होडी लोटली
आणि सगळं पाणी पंख होऊन उठलं.
अंशुल वैतागला.
बसू दे रे त्यांना, म्हटलं,
आणि चष्मा पुसला.
पुन्हा एकपासून.