मूल दिसलं का?

मंगळवार, अकरा वाजता. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप.
माझं ऑफिस आता एवढंच, आणि खिडकीबाहेर
टे नदीवरून चढत आलेलं धुकं,
ज्यात डंडीची अर्धी छपरं बुडालेली.

पडद्यावर स्ट्रूअन. वय सात. मागे तीच भिंत,
तेच कॅलेंडर, मार्चवर थांबलेलं. मे संपत आलाय.
फोन कुणीतरी धरलाय, हात दिसत नाही.
"काय खाल्लंस?" "टोस्ट."
"झोप लागते?" "हो."
मधेच चित्र गोठतं, आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी
ते पोर मिनिटभर माझ्याकडे न पाहता पाहत राहतं.

वीस वर्षं मी घरं नाकानं वाचली.
दार उघडताच कळायचं:
ओले कपडे, कालची बिअर, आजारी कुत्रं,
किंवा इतकं ब्लीच, की माझ्या धास्तीनं कुणीतरी
पहाटेपासून गुडघ्यांवर बसून फरशी घासली असावी.
जिन्यात पाऊल वाजलं की आतले आवाज कसे बदलतात,
मूल उत्तराआधी कुणाकडे बघतं,
यावर माझी सगळी विद्या.
या काचेला वास येत नाही.
फ्रीज दाखव म्हटलं, तर फ्रीजचं दारच दिसतं,
त्यावर चुंबकानं अडकवलेलं माझंच कार्ड.

पाच मंगळवार तो तोंडावर हात ठेवून बोलला.
पहिल्यांदा वाटलं, लाजतोय.
तिसऱ्यांदा नोंद केली.
पाचव्यांदा रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

भिंतीपलीकडे माझा फर्गस सगळं ऐकतो.
नको सांगितलं तरी ऐकतो.
काल त्यानं डायनासोर ओळीनं बसवले,
दोन-दोन हात अंतर ठेवून,
आणि एकेकाला विचारत होता, माझ्याच आवाजात:
"घरात तुला कुणाची भीती वाटते का?
सांगितलंस तरी मी रागावणार नाही."
डायनासोर गप्प.
"बरं. पुढच्या मंगळवारी बोलू."
मी दाराशी, हातात त्याचं निवलेलं सूप.

शेवटी परवानगी आली. एक मास्क, हातमोज्यांची एकच जोडी,
आत पाऊल टाकायचं नाही.
जुन्या तागाच्या गिरणीमागची दगडी इमारत,
मागच्या अंगणात कपडे वाळवायचे लोखंडी खांब.
एका खांबाशी उभी राहिले, मान वर.
तिसऱ्या मजल्याची खिडकी खरडत उघडली.
"थांब!" तो ओरडला, आणि नाहीसा झाला.

मग गाउनचा पट्टा, त्याला उडीची दोरी,
तिला बुटांच्या नाड्या,
आणि टोकाला वाळूत खेळायची लाल बादली,
भिंतीवर आपटत, झोके खात खाली आली.
आत टिश्यू. टिश्यूत दात.
तांदळाच्या दाण्याएवढा, बुडाशी तपकिरी ठिपका.

"तुला खराखुरा दाखवायचा होता! फोनमधला नाही!"
तो हसला, हात काढून: मधोमध काळी फट.
मीही हसले. मास्कखाली; त्याला काय कळणार.
खिशात एक पौंड होता, सॅनिटायझरनं पुसून
बादलीत टाकला.
"आपोआप पडला ना रे?"
जमेल तितक्या सहज विचारलं.

त्यानं मागे वळून पाहिलं.
खोलीत कोण होतं, खालून दिसेना.
सीगल कोकलत होते.
"हो," तो म्हणाला, आणि बादली वर ओढू लागला,
एकेक गाठ मोजल्यासारखी.

गाडीत बसून फॉर्म उघडला.
मूल प्रत्यक्ष दिसलं का?
होय. नाही. दोनच चौकोन.
काच खाली केली, तेव्हा कुठूनतरी
करपल्या टोस्टचा वास आला.
कुठल्या मजल्यावरून, सांगता येईना.