ऑस्टिनचा तळ

सायमन लुद्रिकच्या ऑस्टिनला तळच उरला नव्हता.
वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्याने
चाळीस वर्षांत तो पापडासारखा खाल्ला.
सीटवर बसलं की पायांखाली
शेडमधली वाळू दिसायची,
कधी एखादी कुर्ली.

माझ्याकडे होता पंखाचा पत्रा,
युद्धात पडलेल्या कुठल्याशा विमानाचा.
आजोबांच्या रापणीत आलेला.
पुढे आयेने त्यावर बांगडे सुकवले.
गंज नाही. नुसते खवले.

गाडी त्याची, विमान माझं.
तो म्हणायचा, एक-तीन-चार-दोन.
मी, एक-तीन-पाच-सात-नऊ,
मग दोन-चार-सहा-आठ.
सिलिंडर पेटायचा क्रम
पाढ्यांसारखा घोकत बसायचो
चहावर साय धरेपर्यंत.
"ह्या दोघांका देवचार लागलो,"
त्याची बायको मार्था म्हणायची.

एक दिवस मीच म्हटलं, घे, काप.
त्याने पत्रा उन्हात धरला,
रिवेटांची ओळ बोटाने वाचत गेला
आणि एका भोकाशी थांबला.
"गोळी?"
"काय ठाऊक."
तेवढा तुकडा वगळून त्याने कात्री लावली.

लोखंडाचं नि अ‍ॅल्युमिनियमचं
खाऱ्या हवेत पटत नाही,
म्हणून मधे सायकलच्या ट्यूबची पट्टी.

रविवारी उभादांड्यापर्यंत गेलो,
ताशी वीसने, सुरूंच्या आडून समुद्र.
मी चपला काढून पाय टेकवले.
पत्रा थरथरत होता,
जुनं काही आठवल्यासारखा.
मग इंजिन तापलं,
आणि गाडीभर
सुक्या बांगड्यांचा वास.

सायमनने काच खाली केली.
बोलला काहीच नाही.