आठ यार्ड

तेरा हंगाम माझा डावा कान
जॉस फिअरनच्या उजव्या कानाला घासत होता.
खेळताना त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही.
स्क्रममध्ये माना खाली असतात,
दिसतो तो चिखल, आणि समोरच्यांचे दात.

मी मधला, लहान चणीचा.
दोन्ही हात दोन्हीकडच्या खांद्यांवर टाकून लोंबकळायचं
आणि पायाने चेंडू मागे ओढायचा.
वजन सगळं त्याच्यावर.
आम्ही त्याला टेकू म्हणायचो.
खाणीतही टेकूच म्हणत, छताखालच्या लाकडाला,
व्हाइटहेवनहून समुद्राच्या तळाखाली तीन मैल आत.
शनिवारची रात्रपाळी तिथे, रविवारची दुपार इथे,
खांदा तोच.

पैसे मिळत, नाही असं नाही.
जिंकलो तर बावीस पौंड, हरलो तर सात.
आम्ही बहुधा सातवाले.
एनिड, त्याची बायको, म्हणायची,
हरल्याचे पैसे मटणाला पुरतात,
जिंकल्याचे याच्या मलमपट्टीत जातात.

चेंडू घ्यायचा, हनुवटी आत, आणि धडकायचं.
आठ यार्ड. तीन माणसं अंगावर.
उठायचं, टाचेने चेंडू मागे सारायचा,
पुन्हा रांगेत.
यात बघण्यासारखं काय?
टाळ्या कडेने पळणाऱ्या पोरासाठी,
त्याच्या चड्डीला चिखलाचा ठिपका नसे.

शहात्तर साली लँकशरहून एक तपकिरी गाडी आली.
अडीच हजार पौंड क्लबला, त्याला घर, नवी नोकरी.
गेला. कुणीही गेला असता.
नोव्हेंबरात आमच्याच मैदानावर आला,
अंगात त्यांचा लाल शर्ट,
आणि पहिल्याच स्क्रममध्ये मी त्याचं तोंड पाहिलं,
वीतभर अंतरावरून, पहिल्यांदा.
भुवया जळक्या गवतासारख्या.
डोळे एवढे निळे असतील असं वाटलं नव्हतं.
मग माझे दोन दात गेले.
"चुकलं," म्हणाला तो, कानात.
कान मात्र दुसरा होता.

अकरा आठवड्यांत परत आला.
का, ते कुणी विचारलं नाही.
एनिड म्हणाली, तिथे पायऱ्या उतरलं की समुद्र नाही,
नुसत्या पायऱ्याच.
क्लबने त्याला आधीपेक्षा तीन पौंड कमी दिले
आणि त्याने सही केली, उभ्याउभ्याच.

ट्राय? चार. पाच म्हणा.
पाचवी बॅरोला, धुक्यात.
कडेच्या पंचाने झेंडा वर केला होता;
जॉसला तो दिसलाच नाही,
हात वर करून तो धुक्यात एकटाच उभा राहिला,
आणि आम्हीही बराच वेळ काही बोललो नाही.

आता तर प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवतात.
आमच्या वेळी कोण मोजणार?
म्हणून गेल्या हिवाळ्यात मीच बसलो,
बिलाच्या पाठीमागे पेन्सिलने.
तीनशेवीस सामने. सामन्यात अकरा वेळा. आठ यार्ड.
सोळा मैल.
दोनदा ताडून पाहिलं.
इथून वर्किंग्टन आठ मैल.
म्हणजे गडी जन्मभर माणसं अंगावर घेऊन
वर्किंग्टनला जाऊन आला.

त्याला सांगितलं तर हसला नाही.
"बसने चाळीस मिनिटं लागतात," म्हणाला.

महिन्यातून एकदा तीच बस,
त्याच्या गुडघ्यांसाठी, वर्किंग्टनच्या दवाखान्यात.
तो डावीकडे खिडकीशी, मी त्याच्या उजव्या अंगाला.
ठरवून नाही.
काच धुरकट, पलीकडे राखाडी पाणी,
त्याच्याखाली कुठेतरी अजून उभे असतील
त्याने ठोकलेले टेकू. किंवा नसतील.

हॅरिंग्टनच्या वळणावर ड्रायव्हर ब्रेक दाबतो
आणि जॉसचा हात आपोआप माझ्या काखेखालून येतो,
स्वेटर मुठीत धरतो, घट्ट,
लोकर ताणली जाईपर्यंत.
मी मान खाली घालतो.
"अरे, तिकिटं कुठे ठेवलीस?" तो विचारतो.