एक आणि सात

बोल्ट उचलायला
एरवी दोन बोटं पुरतात.
आज तळहाताचा ठोसा द्यावा लागला.

गानिशमामा पाठमोरा होता, दुर्बिणीशी.
नुसत्या आवाजावरून म्हणाला,
'चिकटला?'

एल्कोच्या उत्तरेला, ऑगस्टची दुपार.
सेजब्रशचा कडू वास,
पिकअपच्या बॉनेटवर माझ्या वीस काडतुसांचा डबा,
पहिल्यांदाच सगळं एकटीने भरलेलं.

रिकामी केस त्याने डोळ्यांशी नेली,
आजाऱ्याची जीभ बघावी तशी.
प्रायमर सपाट, टाचेखाली आलेल्या बटणासारखा,
कडेची गोलाई गेलेली.
बुडावरच्या अक्षरांवर एक चकचकीत चंद्रकोर:
तिथे पितळ क्षणभर
पाण्यासारखं वाहिलं होतं
आणि थिजलं.

'आधीची?'
आधीचीही मी खिशातून काढली.
तेव्हाही बोल्ट जरा जड गेला होता.
मी म्हटलं होतं, धूळ असेल.
हे मी त्याला सांगितलं,
पण घरी जाताना, अर्ध्या वाटेत.

गॅरेजात उलटतपासणी.
ऊन? डबा तापला होता, खरं,
पण एवढ्याने एवढं होत नाही, मामा म्हणाला.
केसा लांबल्यात? कॅलिपर म्हणाला, नाही.
गोळी नळीतल्या आट्यांना आधीच टेकतेय?
नाही, मधे कागदाच्या दोन-तीन घड्या जातील एवढी फट.
दारूचा डबा नवा? जुनाच.
नळीत तेल राहिलं? मी स्वतः पुसलेली.
तराजूचा शून्य? शून्यावर.

मग एक काडतूस त्या पोकळ हातोड्यात अडकवून
तीनदा ठोकलं.
गोळी सुटली, दारू सांडली पितळी ताटलीत,
काळे आखूड कण, छाटलेल्या दाढीसारखे.
वजन नेमकं तेच, जे मला हवं होतं.
काटा माझ्या बाजूने साक्ष देत होता
आणि मामाचा चेहरा उतरत चालला होता.

'हवं होतं म्हणजे? वाच.'
मी त्याची वही उघडली, बोट ठेवलं, वाचलं:
'...पूर्णांक सात.'
'सात?'

त्याच्या साताच्या कमरेला पट्टा असतो.
पट्टा नसलेला, नाक वर काढून उभा,
तो त्याचा एक.
दशांश सहाचा फरक. तीसेक कण.
छापील पुस्तक फळीवर होतं, हाताच्या अंतरावर,
ते मी उघडलंच नव्हतं.
मामाची वही असताना पुस्तक कशाला.

म्हणजे पितळ उघडं पडलं ते माझं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं.
तो नुसता स्वतःच्या हाताकडे बघत बसला,
ज्या हाताला हा एक
त्याच्या बापाने शिकवला होता.
त्याच बापाने, बेतिरीने, मेंढ्या राखताना
वरच्या खोऱ्यातल्या अ‍ॅस्पेनवर
चाकूने नाव कोरलं, खाली साल.
एकोणीसशे एक्कावन्न.
लहानपणी मी ते वाचायचे:
सात हजार नऊशे सत्तावन्न,
आणि वाटायचं, आपली माणसं
फार पुढून आली असावीत.

उरलेली सतरा ठोकून मोकळी करायला
सात वाजले.
गोळ्या एका डब्यात, दारू तिच्या तिच्या डब्यात परत,
झाकण लावल्यावर त्याने दोनदा तपासलं.
'उद्या खालून सुरू करायचं,' तो म्हणाला,
'पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून.
आणि पुस्तक तू वाचायचंस, मोठ्याने.'

मी झोपायला निघाले तरी
गॅरेजातला दिवा चालू होता.
मामा वही घेऊन बसला होता,
चाळीस वर्षांची पानं,
आणि प्रत्येक एकाशेजारी, बारीक अक्षरात,
आपल्या आईच्या भाषेत लिहीत होता: बात.
म्हणजे एक.
बात. बात.
मधेच थांबून एका पानाकडे
बराच वेळ बघत राहिला,
त्याचं त्यालाच वाचता येईना.